डाव्या खिशातली चिठ्ठी

केसपेपरच्या कोऱ्या पाठीतून फाडलेली,
चार घड्या घातलेली.
तिच्यावर माझ्याच घाईच्या अक्षरात
आजच्या रात्रीचे प्रश्न:
बेड अकरा. पोटॅशियम इतकं खाली का?
बेड चार. तिसरा महिना. ही गोळी चालेल?
बेड एकोणीस. हा माणूस झोकांड्या का खातोय?

प्रश्न येतात ते शीर शोधताना,
हातमोजा अर्धा चढवलेला असताना,
आणि कुणी बसा म्हणत नाही म्हणून
निम्मे उभ्याउभ्याच निघून जातात.

परळच्या या वॉर्डात मोबाईलला रेंज
फक्त जिन्याच्या खिडकीपाशी.
तिथे आधीच दोन इंटर्न, आणि एक भाऊ
गावाकडे हळू आवाजात काहीतरी कळवत असलेला.
मी हात उंच करून उभी राहते.
पान उघडतं, उघडतं,
आणि पुढचं वाचायचे पैसे मागतं.

ड्युटी रूममध्ये एक जाड ग्रंथ आहे,
टेबलाच्या मोडक्या पायाखाली.
तो काढला की टेबल कलतं,
टेबलावरचा चहा कलतो.
ग्रंथ सांगतो, शक्यता पहिली: दारू.

केसपेपरवरही कुणीतरी लिहून गेलंय, दारू,
आणि पुढे अधिकचं बारीक चिन्ह.
रघुवीर सातार्डेकर, वय त्रेपन्न,
काळाचौकीच्या छापखान्यात बाइंडर.
बायको म्हणते, बडीशेपेशिवाय
कशाला तोंड लावत नाहीत हो.
कॅज्युअल्टीत तिने हे तीनदा सांगितलं.
पण तिला कुणी विचारलं नव्हतं,
आणि न विचारलेलं सांगितलं
तर ते उत्तर धरत नाहीत.

सरांना फोन करू? पावणेतीन.
ते आधी विचारणार, तू काय वाचलंस?

लोबो सिस्टर सिरिंज भरता भरता म्हणतात,
डोळे बघितलेस का त्याचे?
कडेला बघायला सांग. बुबुळं नाचतात.
आणि तीन दिवस झाले त्याला इथे.
दारू असती तर उतरली असती, बाळा.
हा तर चढतोय.

तेव्हा कुठे मी पलंगाखालची पिशवी मागते.
दादरच्या साडीच्या दुकानाची, बंद तुटलेली.
आत फिटच्या गोळ्या, आठ वर्षांच्या सवयीच्या,
आणि पालिकेच्या दवाखान्यातल्या टीबीच्या, सहा आठवड्यांच्या.
दोन कागद, एक पिवळा, एक पांढरा,
एकमेकांना कधीच न भेटलेले.
आणि आम्ही दोन्ही चालू ठेवलेल्या,
वेळच्या वेळी, सही करून.

तळमजल्यावर औषधखिडकीत किणी पेंगत होते.
डोळेही नीट न उघडता म्हणाले,
टीबीतली एक गोळी असते, मॅडम,
ती फिटच्या गोळीला बाहेर जाऊ देत नाही.
साचते ती. लेव्हल काढा.
लेव्हल सकाळी. लॅब सकाळी.

मग सरांना फोन. चार वाजून पाच मिनिटं.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
असू शकतं, ते म्हणाले. सकाळची गोळी देऊ नकोस.
आणि मग, जरा जागे होत,
हे कुठे मिळालं तुला?

जिन्याची खिडकी, टेबलाचा पाय,
सिस्टरची नजर, साडीची पिशवी,
झोपेतले किणी.
वाचलं, सर, मी म्हटलं.

उजाडताना सातार्डेकर बाईंनी विचारलं,
मग ते कागदावरचं?
मला आधी कळलंच नाही.
ते दारू लिहिलंय ना, ताई. मुलीचं लग्न ठरतंय.
इथे खोडरबर चालत नाही.
एक रेघ मारायची, खाली सही, तारीख, वेळ.
मी रेघ मारली.
रेघेखालून ते अजून वाचता येतं.

चिठ्ठीवरचा एकोणीस खोडला.
अकराचं पोटॅशियम आपसूक वर आलं,
का, ते मी विचारलं नाही.
चारची गोळी मी नुसतीच दिली नाही,
आणि पुढच्या पाळीच्या मुलाला
ते सांगायचं राहिलं.
आठवलं तेव्हा मी घरी होते,
ॲप्रन बादलीत, चिठ्ठी खिशात.